‘रीस्टार्ट मारून बघा’ हे उत्तर कधी चालतं? सिस्टिम सावरण्याच्या संशोधनाचं एक टीकात्मक वाचन

पेटची तयारी करणाऱ्या किंवा आरआरसीसमोर सिनॉप्सिस मांडायला निघालेल्या बऱ्याच जणांचा विषय ‘फॉल्ट टॉलरन्स’ असतो. विषय चांगला आहे, पेपर भरपूर आहेत, सिम्युलेटर फुकट मिळतो. अडचण अशी की बहुतेक सिनॉप्सिसमध्ये एकच साचा दिसतो. क्लाउडसिममध्ये काही व्हर्च्युअल मशीन्स घ्यायच्या, त्यातल्या काही अधूनमधून पाडायच्या, जुनी पद्धत आणि ‘प्रस्तावित’ पद्धत यांचा सावरण्याचा वेळ मोजायचा आणि आपला आलेख थोडा खाली दाखवायचा.

हा साचा का अपुरा आहे, हे या लेखात बघू. त्यासाठी तीन गाजलेले पेपर आणि मुंबईत घडलेली एक खरी घटना शेजारी ठेवू. माझं म्हणणं आधीच सांगते: बिघाडानंतर सिस्टिम कशी सावरायची याच्या पद्धती आपल्याकडे भरपूर आहेत. पण कोणती पद्धत कधी निवडायची, आणि निवड करायला किती वेळ जातो, याकडे संशोधनाने फार कमी लक्ष दिलं आहे.

आधी पद्धतींची ओळख

नावं इंग्रजीत शंभर असली तरी मूळ पद्धती पाचच आहेत, आणि त्या साध्या क्रियापदांत सांगता येतात.

पहिली, पुन्हा सुरू करा. प्रोसेस, सर्व्हर किंवा अख्खं मशीन रीस्टार्ट करायचं. दुसरी, मागे जा. चेकपॉइंट किंवा लॉग वापरून शेवटच्या चांगल्या अवस्थेपर्यंत परत यायचं. डेटाबेसमधली १९९२ ची एरीज पद्धत याच घरातली. तिसरी, दुसरीकडे जा. म्हणजे फेलओव्हर: काम पर्यायी सर्व्हरवर किंवा पर्यायी डेटा सेंटरवर हलवायचं. चौथी, तोडा आणि तपासा. बिघडलेला भाग बाकीच्यांपासून वेगळा करायचा आणि कारण कळेपर्यंत जोडायचा नाही. पाचवी, हाताने चालवा. कागद, पेन, रजिस्टर. ही पद्धत पेपरमध्ये क्वचित दिसते, पण महा-ई-सेवा केंद्रापासून विमानतळापर्यंत सगळीकडे तीच वापरली जाते.

जिम ग्रे: बिघाड बहुतेक वेळा क्षणिक असतो

१९८५ साली टँडेम कंपनीत काम करणाऱ्या जिम ग्रे यांनी एक तांत्रिक अहवाल लिहिला. संगणक बंद का पडतात आणि त्यावर काय करता येईल, हा त्याचा विषय. ग्राहकांकडच्या चालू सिस्टिम्सच्या नोंदी तपासून त्यांनी सांगितलं की सर्वांत मोठा वाटा, ४२ टक्के, प्रशासनाचा आहे. म्हणजे ऑपरेटरच्या कृती, कॉन्फिगरेशन आणि देखभाल. सॉफ्टवेअरचा वाटा २५ टक्के, हार्डवेअरचा १८ टक्के.

पण त्या अहवालातलं जास्त गाजलेलं वाक्य वेगळंच आहे. ग्रे यांनी सॉफ्टवेअरच्या दोषांचे दोन प्रकार केले. ‘बोरबग’ म्हणजे पक्का दोष, तोच इनपुट दिला की प्रत्येक वेळी तसाच दिसणारा. ‘हायझेनबग’ म्हणजे शोधायला गेलं की गायब होणारा, वेळेच्या जुळणीवर अवलंबून असलेला दोष. एका स्पूलर प्रोग्रॅमच्या नोंदींतल्या १३२ दोषांपैकी फक्त एक बोरबग निघाला. मग निष्कर्ष सरळ आहे: बहुतेक दोष क्षणिक असतील, तर तेच काम पुन्हा करून बघितलं की चालेल. आपल्याकडे सगळे जण सांगतात तो ‘बंद करून चालू करा’ हा सल्ला इथे विज्ञान बनतो.

चंद्रा आणि चेन: नाही, बहुतेक वेळा पक्का असतो

पंधरा वर्षांनी, २००० साली, सुभाचंद्र चंद्रा आणि पीटर चेन यांनी हाच दावा तपासला. त्यांनी अपाची वेब सर्व्हर, ग्नोम डेस्कटॉप आणि मायएसक्यूएल या तीन मुक्त सॉफ्टवेअरचे बग रिपोर्ट घेतले आणि प्रत्येक दोष भोवतालच्या परिस्थितीवर किती अवलंबून आहे ते पाहिलं. ७२ ते ८७ टक्के दोष परिस्थितीवर अवलंबून नव्हतेच. म्हणजे रीस्टार्ट केलं, दुसऱ्या मशीनवर नेलं, तरी तोच इनपुट आला की पुन्हा पडणार. आपोआप निघून जाणारे क्षणिक दोष फक्त ५ ते १४ टक्के.

आता नवीन संशोधक इथे काय करतो? दोन्ही पेपर साहित्य-आढाव्यात एकाखाली एक टाकतो आणि पुढे जातो. ‘ग्रे यांच्या मते असे, चंद्रा यांच्या मते तसे.’ हा आढावा नाही, ही यादी झाली. दोन आकडे एवढे उलटे का आले, हे विचारायला हवं.

उत्तर माहिती कुठून आली त्यात आहे. ग्रे यांच्याकडचं सॉफ्टवेअर ग्राहकाकडे चालू असलेलं, भरपूर चाचण्यांतून गेलेलं होतं. पक्के दोष आधीच पकडून काढलेले. उरले ते सापडायला अवघड असलेले. चंद्रा आणि चेन यांच्याकडे लोकांनी स्वतःहून कळवलेले बग होते. माणूस बग कधी कळवतो? जेव्हा तो पुन्हा करून दाखवता येतो तेव्हा. एकदाच हँग झालं आणि परत झालं नाही, तर कोण रिपोर्ट लिहीत बसतं? म्हणजे पहिल्या पेपरची चाळणी पक्के दोष गाळते, दुसऱ्याची चाळणी क्षणिक दोष गाळते. दोन्ही आकडे आपापल्या जागी खरे, पण ‘साधारणपणे किती टक्के दोष क्षणिक’ या प्रश्नाचं उत्तर दोघांकडेही नाही.

याचा अर्थ रीस्टार्ट चांगलं की वाईट हा प्रश्नच चुकीचा विचारला जातो. तुमच्या सिस्टिमचं वय काय, ती किती घासून निघाली आहे, नुकतंच त्यात काय बदललं, यावर उत्तर ठरतं. जुन्या स्थिर सिस्टिममध्ये अचानक काही अडलं तर रीस्टार्टला पहिली संधी द्या. काल रात्री अपडेट टाकलं आणि आज सकाळी पडलं, तर रीस्टार्ट मारत बसू नका, अपडेट मागे घ्या.

याचा ढळढळीत पुरावा जगाने १९ जुलै २०२४ ला पाहिला. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन्स पडल्या. कंपनीने ७८ मिनिटांत ते अपडेट मागे घेतलं. पण ज्या मशीन्सनी ते आधीच घेतलं होतं, त्या चालू होतानाच पुन्हा पडत होत्या. दोष पक्का, आणि तोही सुरू होण्याच्या वाटेवरच. रीस्टार्टने सुटणार कसा? शेवटी अनेक ठिकाणी माणसाने एकेका मशीनपाशी जाऊन सेफ मोडमध्ये ती फाइल काढावी लागली. भारतात विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. वर सांगितलेली पाचवी पद्धत, ती हीच.

मायक्रोरीबूट: चूक स्वस्त असेल तर चुकायला हरकत नाही

तिसरा पेपर २००४ चा, जॉर्ज कँडिया, आर्मांडो फॉक्स आणि सहकाऱ्यांचा ‘मायक्रोरीबूट’. मला तो मनापासून आवडतो, म्हणूनच त्याच्यावर जास्त टीका करते.

कल्पना अशी: अख्खा सर्व्हर रीस्टार्ट करायचा नाही, फक्त संशयित घटक रीस्टार्ट करायचा. नाही जमलं तर त्याच्या वरचा थर, मग अख्खं अॅप्लिकेशन, मग पुढे. याने सावरण्याचा वेळ आणि वाया जाणारं काम, दोन्ही साधारण दहापटीने कमी होतं असं त्यांनी दाखवलं. पण खरी ताकद वेगाच्या आकड्यात नाही. हा उपाय एवढा स्वस्त असेल तर निदान नक्की व्हायची वाट बघायची गरज नाही, संशय आला तरी करून टाका, असं ते सुचवतात. म्हणजे निवडीचा प्रश्न त्यांनी टाळला नाही, तो स्वस्त केला. हे मोठं काम आहे.

आता अटी बघा. घटक एकमेकांपासून सुटे हवेत. महत्त्वाची माहिती घटकाच्या आत नव्हे, बाहेर वेगळ्या जागी ठेवलेली हवी. अडलेली विनंती पुन्हा पाठवली तरी चालली पाहिजे. प्रयोग ज्या लिलावाच्या वेबसाइटवर केला, ती संशोधकांनी आधी या अटींना साजेशी बदलून घेतली होती. घर आधी औषधाला मानवेल असं बांधलं आणि मग औषध लागू पडलं. यात फसवणूक नाही, त्यांनी ते स्पष्ट सांगितलंय. पण पेपर वाचून ‘मायक्रोरीबूट सर्वांत जलद’ एवढंच लिहून घेणारा विद्यार्थी फसतो. आपल्या भागातल्या पतसंस्थेचं वा बँकेचं पंधरा-वीस वर्षं जुनं सॉफ्टवेअर कोण असं सुटं करून देणार?

तिसरी अट तर सगळ्यांत अवघड. रेशन दुकानातलं ई-पॉस मशीन डोळ्यासमोर आणा. अंगठा लागला, सर्व्हरवर नोंद झाली, पण पावती यायच्या आत नेटवर्क गेलं. ‘पुन्हा अंगठा लावा’ म्हटलं तर काय होईल? धान्य दोनदा वाटल्याची नोंद होईल, की दिलंच नाही तरी ‘या महिन्याचं उचललं’ असं दिसेल? एटीएममधून नोट बाहेर आली की ती रोलबॅक करता येत नाही. संशोधनात याला ‘आउटपुट कमिट’चा प्रश्न म्हणतात: बाहेरच्या जगात गेलेली गोष्ट मागे घेता येत नाही, म्हणून ती बाहेर सोडण्याआधीच नोंद पक्की करावी लागते. हा प्रश्न जुना आहे, २००२ च्या रोलबॅक पद्धतींच्या प्रसिद्ध सर्वेक्षणात नीट मांडलेला आहे. तरीही सिम्युलेशनमध्ये तो सहसा येत नाही, कारण सिम्युलेटरच्या बाहेर कुणी माणूस पिशवी घेऊन उभा नसतो.

२४ फेब्रुवारी २०२१, मुंबई

आता हे सगळं एका खऱ्या दिवसावर ठेवून बघू. त्या बुधवारी राष्ट्रीय शेअर बाजाराने, म्हणजे एनएसईने, सकाळी ११ वाजून ४० मिनिटांनी व्यवहार थांबवले. टेलिकॉम कंपन्यांच्या लिंक्समध्ये अडचण आली आणि त्याचा फटका क्लिअरिंग कॉर्पोरेशनच्या ऑनलाइन जोखीम-नियंत्रण यंत्रणेला बसला. खरेदी-विक्री जुळवणारी यंत्रणा हा मूळ अडथळा नव्हता. पण जोखीम मोजणारी यंत्रणा नसताना व्यवहार चालू ठेवणं धोक्याचं. बाजार पुन्हा उघडला दुपारी ३:४५ ला आणि त्या दिवशी ५ वाजेपर्यंत चालला. मध्ये चार तास पाच मिनिटं गेली.

एनएसईचं पर्यायी केंद्र चेन्नईला आहे. काम तिकडे हलवलं गेलं नाही. का हलवलं नाही, याचं स्पष्टीकरण सेबीने त्याच दिवशी मागितलं.

या घटनेतून संशोधकाने तीन गोष्टी उचलाव्यात.

एक, लिंक्स एकापेक्षा जास्त कंपन्यांच्या होत्या, तरी त्या एकाच वेळी अडल्या. आपण सिम्युलेशनमध्ये प्रत्येक बिघाड दुसऱ्यापासून स्वतंत्र धरतो. चेकपॉइंट किती वेळाने घ्यायचा याचं यंग यांचं १९७४ चं सूत्रही अशाच गृहीतकांवर उभं आहे: चेकपॉइंटला लागणारा वेळ गुणिले दोन बिघाडांमधला सरासरी काळ, त्याची दुप्पट, आणि त्याचं वर्गमूळ. दोन मिनिटांचा चेकपॉइंट आणि सरासरी ४०० मिनिटांनी बिघाड, तर दर ४० मिनिटांनी चेकपॉइंट घ्या. सूत्र सुंदर आहे. पण बिघाड जोडीने येत असतील, किंवा बिघाड झालाय हेच उशिरा कळत असेल, तर ४० हा आकडा कशाचा धरायचा?

दोन, चार तासांतला किती वेळ ‘सावरण्यात’ गेला आणि किती ‘काय करायचं हे ठरवण्यात’? आपले पेपर घड्याळ चालू करतात ते उपाय सुरू झाल्यापासून. खऱ्या जगात घड्याळ पहिल्या लाल दिव्यापासून चालू असतं. अर्ध्या तासात लिंक सुरळीत होईल असं वाटत असेल तर चेन्नईला का जायचं? आणि तो अर्धा तास संपला की पुन्हा तोच विचार. बसस्टँडवर ‘येईलच आता’ म्हणत दोन तास उभं राहणाऱ्याला हे गणित वेगळं शिकवायला नको.

तीन, सावरण्याच्या पद्धतीनेही नुकसान होतं. मुंबई शेअर बाजार म्हणजे बीएसई त्या दिवशी चालू होता. एनएसई उघडेल की नाही हे माहीत नसल्याने काही ब्रोकर्सनी ग्राहकांचे त्याच दिवसापुरते केलेले सौदे बीएसईवर मिटवून टाकले. नंतर कळलं की एनएसई ३:४५ ला उघडतोय. तांत्रिकदृष्ट्या सिस्टिम शंभर टक्के सावरली, पण ज्यांचे सौदे आधीच मिटले त्यांच्यासाठी नाही. ‘सावरण्याचा वेळ’ या एका आकड्यात हा माणूस कुठेच दिसत नाही.

सेबीचं परिपत्रक एक पेपर म्हणून वाचा

महिन्याभरात, २२ मार्च २०२१ ला, सेबीने बाजार-संस्थांसाठी नवीन नियम काढले. महत्त्वाची यंत्रणा अडली तर ३० मिनिटांच्या आत ‘आपत्ती’ जाहीर करायची, आणि जाहीर केल्यापासून ४५ मिनिटांत, गरज पडल्यास पर्यायी केंद्रावरून, काम सुरू करायचं. जास्तीत जास्त १५ मिनिटांचा डेटा जाऊ शकतो, ही दुसरी मर्यादा.

माझ्या मते हे परिपत्रक बऱ्याच पेपरांपेक्षा प्रामाणिक आहे, कारण त्याने निर्णयाचा वेळ वेगळा मोजला. ३० अधिक ४५. पहिला आकडा माणसांचा, दुसरा यंत्रांचा.

पण टीका त्याच्यावरही व्हायला हवी. ठरलेलं घड्याळ ‘येईलच आता’ या आजाराला औषध आहे, मात्र प्रत्येक आजाराला नाही. जुलै २०२४ मध्ये सी-एज टेक्नॉलॉजीज या बँकांना सेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला. एनपीसीआयने त्या कंपनीला पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं. बातम्यांनुसार सुमारे ३०० छोट्या बँकांना, मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण, याचा फटका बसला. १ ऑगस्टला जोडणी परत झाली. अशा वेळी घाईने पर्यायी केंद्र चालू केलं आणि तिथेही तोच व्हायरस पोचलेला असेल तर? इथे चौथी पद्धत, तोडा आणि तपासा, हीच आधी हवी, वेग नंतर. म्हणजे घड्याळ लावण्याआधी बिघाडाची जात ओळखावी लागते. आणि ओळखायला वेळ लागतो. या गाठीवर खरं संशोधन व्हायला हवं.

सराव हा या गाठीचा एक भाग सोडवतो. २ मार्च आणि १८ मे २०२४ या दोन शनिवारी शेअर बाजारांनी खरे व्यवहार घेऊन सराव केला: एक सत्र मुख्य केंद्रावरून, दुसरं पर्यायी केंद्रावरून. ‘चेन्नईला हलवलं तर चालेल का’ ही शंका जेवढी कमी, तेवढा निर्णय लवकर.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

पद्धत निवडताना चार प्रश्न विचारा, आणि तुम्ही वाचता त्या प्रत्येक पेपरलाही हेच चार प्रश्न विचारा.

१. तेच काम पुन्हा केलं तर बिघाड पुन्हा होईल का? नुकतंच काय बदललं?

२. माहिती कुठे ठेवलेली आहे, आणि ती स्वतः बिघडलेली किंवा दूषित तर नाही ना? दूषित असेल तर रीस्टार्ट आणि फेलओव्हर दोन्ही ती सोबत घेऊन जातील.

३. अर्धवट काम बाहेरच्या जगात पोचलंय का? पैसे, धान्य, पावती, मेसेज?

४. निर्णय कोण घेणार, किती माहितीवर आणि किती वेळात? निर्णय चुकला तर परत फिरता येईल का?

पहिल्या प्रश्नावर ग्रे आणि चंद्रा-चेन यांनी काम केलं. दुसऱ्या आणि तिसऱ्यावर डेटाबेसवाल्यांचं भरपूर काम आहे. मायक्रोरीबूटने चौथ्याला वळसा घालून दाखवला, पण तो स्वस्त, परत फिरता येणाऱ्या उपायांपुरताच. महागड्या, परत न फिरता येणाऱ्या निर्णयांसाठी चौथा प्रश्न अजून बराच उघडा आहे.

आणि तो अभ्यासायला मोठी लॅब लागत नाही. ‘बीडमध्ये बसून सिस्टिम्सवर संशोधन कसं करणार, आपल्याकडे क्लस्टर कुठंय’ असं विद्यार्थी विचारतात. क्लस्टर नाही, पण बिघाड आहेत. जुलैच्या शेवटी पीक विम्याचे अर्ज भरणारी केंद्रं बघा. २०२३ च्या खरिपात मुदत ३१ जुलैवरून ३ ऑगस्टपर्यंत वाढवली गेली. मुदतवाढ हीसुद्धा सावरण्याची एक पद्धतच आहे: यंत्रणा नाही, नियम लवचिक करायचा. तिचा फायदा कुणाला पोचतो, आणि रोजंदारी बुडवून आदल्या दिवशी रांगेत उभा राहून परत गेलेल्याला पोचतो का, हा प्रश्न मोजता येण्यासारखा आहे.

पाच-सहा केंद्रचालकांची परवानगी घ्या आणि तीन महिने एक साधी नोंदवही ठेवा. बिघाड कधी झाला, कधी लक्षात आला, कुणी ठरवलं, पहिला उपाय कोणता केला, तो चालला का, कोणतं काम दोनदा झालं आणि कोणतं राहून गेलं. लाईट गेली, नेट गेलं आणि सर्व्हर पडला, यांच्या नोंदी वेगळ्या ठेवा, कारण केंद्रावर तिघांनाही ‘सर्व्हर डाउन’च म्हणतात. अर्जदारांची नावं, आधार क्रमांक काहीही लिहू नका. त्याची गरजही नाही. ही माहिती घेऊन मग सिम्युलेटरकडे जा. तेव्हा मशीन कधी आणि कशी पाडायची, हे तुम्ही मनाने ठरवलेलं नसेल.

गाइड म्हणतील, यात अल्गोरिदम कुठंय? प्रश्न रास्त आहे. उत्तर द्या की अल्गोरिदम शेवटी येईल, पण तो कोणत्या बिघाडासाठी आहे हे आधी कळू द्या. आरआरसीत ‘तुमच्या पद्धतीने वेळ किती वाचला’ असं विचारतील, तेव्हा उलट सांगता आलं पाहिजे की तो वेळ कुठल्या क्षणापासून मोजलाय.